सांगाडा म्हणजे वाळकी हाडं नव्हेत!

चाटीगल्ली
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत हुकाला टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा आहे आणि माझं त्याच्याशी जरा वाकडं आहे. तो बघून बघून मुलांचा पक्का समज होतो की हाड म्हणजे पांढरं, कोरडं, मेलेलं काहीतरी. जीव काय तो मांसात आणि रक्तात, हाडं आपली आत नुसती उभी. परीक्षेत 'सांगाड्याची कार्ये लिहा' असं आलं की आधार, संरक्षण, हालचाल एवढे तीन शब्द लिहायचे की झालं. हाड जिवंत असतं हे कुणी लिहीतच नाही, म्हणून हा धागा.

हिशेब आधी उरकून टाकू. प्रौढ माणसात २०६ हाडं. त्यातली ८० शरीराच्या मधल्या भागातली, म्हणजे कवटी, कानातली इवलीशी हाडं, गळ्यातलं एक, पाठीचा कणा, बरगड्या आणि छातीचं हाड. उरलेली १२६ हातापायांची आणि हातपाय धडाला जोडणाऱ्या खांद्या-कमरेची. मनगटापासून पुढे एका हातात २७, घोट्यापासून खाली एका पावलात २६. दोन्ही हात, दोन्ही पावलं धरली तर १०६, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं तिथेच. बाकीची यादी पुस्तकात आहे, इथे उतरवत बसत नाही.

आता खरी मजा. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्यायची, स्वच्छ खरवडायची. एक पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून आठवडाभर ठेवायचं, मधे एकदा व्हिनेगर बदलायचं. सुरुवातीला हाडावर बारीक बुडबुडे धरतात. आठवड्यानंतर बाहेर काढलं की दिसायला हाडच, पण दोन बोटांत धरून दाबलं तर रबरासारखं वाकतं. मुली आधी किंचाळतात आणि मग ते हाड परत द्यायला तयार होत नाहीत. दुसरं हाड मोकळ्या जागेत, शिक्षकांनीच, चांगलं पांढरं पडेपर्यंत जाळायचं. आकार तस्साच राहतो, पण चिमटीत धरलं की भुगा.

व्हिनेगरनं हाडातलं खनिज विरघळवलं आणि मागे राहिलं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन. जाळात कोलॅजन गेलं आणि मागे राहिलं ठिसूळ खनिज. आपल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचं, आणि बाकी कोलॅजन व पाणी. टणक हाडात बारीक नळ्यांभोवती कोलॅजनचे थर असतात आणि एका थरातल्या तंतूंची दिशा पुढच्या थरात बदलते. सोलापूरकरांना ताणा-बाणा वेगळा समजावून सांगायला नको. एकाच दिशेनं सूत घातलं तर चादर टिकत नाही, हाडाचंही तेच.

आणि हे सगळं सतत उसवलं आणि विणलं जातं. हाडात एक प्रकारच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या नवं रचतात. तिसऱ्या हाडातच रुतून बसलेल्या असतात आणि कुठे किती ताण येतोय ते ओळखून या दोघींना कामाला लावतात. प्रौढ माणसाचा वर्षाला सुमारे दहा टक्के सांगाडा असा बदलला जातो.

हुरडाप्रेमी
लै भारी मॅडम! म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं माझं हाड आज जवळजवळ उरलंच नाही म्हणा की. मग गुडघा तेवढा तोच जुना का दुखतोय ओ?

प्लॅस्टरवाला
@हुरडाप्रेमी, कारण दुखणारी गोष्ट बहुतेक वेळा हाड नसून त्यावरची कूर्चा असते. गुळगुळीत, पांढरट, दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून असलेला थर. तिला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे झिजली की भरून येणं फार अवघड. हाडाचं नशीब त्या बाबतीत थोर आहे, त्याला भरपूर रक्तपुरवठा असतो. हाड मोडल्यावर जी कळ मस्तकात जाते ती हाडावरच्या पातळ आवरणामुळे. त्यात मज्जातंतू ठासून भरलेले असतात. नडगीवर टेबलाचा कोपरा लागला की कळतंच.

मी हाडांचाच डॉक्टर आहे, त्यामुळे या धाग्यावर मुक्काम ठोकणार.

फर्स्ट_इयर
सर, मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला. सीनियरकडून बोन सेट, म्हणजे अभ्यासासाठी खऱ्या हाडांचा संच घेतलाय. हॉस्टेलच्या खोलीत कॉटखाली खोक्यात ठेवलाय, तर रूमपार्टनर रात्री लाइट बंद करू देत नाही. रोज एक हाड हातात घेऊन 'हे डावं की उजवं' एवढंच चाललंय. तीन दिवस झाले, मांडीच्या हाडावरून पुढे सरकलो नाही.

प्लॅस्टरवाला
मांडीच्या हाडावर तीन दिवस गेले तर योग्यच गेले. शरीरातलं सगळ्यात लांब हाड आहे ते. त्याचा वरचा गोळा आतल्या बाजूला, म्हणजे कमरेकडे तोंड करून असतो आणि दांड्याचा बाक पुढच्या बाजूला फुगलेला असतो, एवढं धरलं की डावं-उजवं सुटतं. आणि ते उभं चिरलेलं कुठे बघायला मिळालं तर गोळ्याच्या मानेत बघ. आतल्या जाळीदार हाडाच्या रेषा कमानीसारख्या वळलेल्या दिसतील. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये कुलमान नावाच्या अभियंत्यानं त्या रेषांचं चित्र पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की यारीवर, म्हणजे क्रेनवर, ओझं टांगल्यावर ताण ज्या रेषांनी जातो तशाच या आहेत. पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी नियमच मांडला की ज्या दिशेनं भार येतो त्या दिशेनं हाड स्वतःला घडवतं.

हे उलटंही खरं. भार काढून घेतला की हाड उतरतं. अंतराळवीरांच्या कमरेच्या भागातली हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते, तेही रोज व्यायाम करून. टेनिसपटूंचा खेळता हात एक्स-रेमध्ये बघा, दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड दिसतं.

हुरडाप्रेमी
मग गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांची कंबर काय असेल बे! आधी कितीतरी दिवस सराव चालतो त्यांचा.

चाटीगल्ली
चांगलं उदाहरण काढलंत. काठीचं वजन, वाऱ्याचा झोक, मिरवणुकीची गर्दी, आणि चालणं तर थांबत नाही. सगळा भार कण्यातून खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडात येतो, तिथून दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांत आणि मग मांडीच्या हाडांत. आधीचा सराव तोल साधण्यासाठी असतोच, पण स्नायूंना आणि हाडांनाही वाढत्या भाराची सवय लागते. एकदम एके दिवशी हौसेनं उचलायला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सदाशिव_खवचट
लेख बरा आहे, पण २०६ हा आकडा इतका ठामपणे कशाला? कुणाला मानेत जादा बरगडी असते, कुणाच्या कवटीच्या सांध्यांमध्ये छोटी जादा हाडं असतात, माकडहाडाचे मणके तीन ते पाच कितीही निघतात. पायाच्या अंगठ्याखाली स्नायुबंधात जी वाटाण्याएवढी हाडं असतात ती २०६ मध्ये धरलेलीच नाहीत. जन्मलेल्या बाळात तर पावणेतीनशे ते तीनशेपर्यंत भरतात.

चाटीगल्ली
मान्य की. पाठ्यपुस्तकातला तो सोयीचा आकडा आहे. बाळाची हाडं 'जास्त' असतात कारण ती अजून सुटी असतात, पुढे जुळतात. कमरेचं एक हाड तीन तुकड्यांतून जुळलेलं असतं. गळपट्टीचं हाड तर गंमतच आहे. गर्भात सगळ्यात आधी हाड व्हायला सुरुवात होते ती त्याची, आणि छातीकडचं त्याचं टोक जुळायचं राहतं ते वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत. गुडघ्याची वाटी जन्मताना कूर्चेचीच असते, हाड होते तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान. उलट कानातली तीन हाडं जन्मतःच पूर्ण आकाराची असतात. त्यातलं रिकीब नावाचं हाड जेमतेम तीन मिलिमीटर.

आणि टाळू! बाळाच्या टाळूवर तेल घालून 'टाळू भरणं' आपल्याकडे घरोघरी चालतं. तिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. प्रसूतीत डोकं दबून बाहेर यावं आणि मेंदूला वाढायला जागा मिळावी म्हणून. मागची फट दोन-तीन महिन्यांत बुजते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. तेल घाला किंवा घालू नका, ती आपल्या वेळेनं बुजते.

आजीचा_बटवा
आमच्या आजेसासूबाई ऐकायच्या नाहीत हे.

काढा_चूर्ण
मी वैद्य. सुश्रुतसंहितेत हाडं ३०० सांगितली आहेत आणि चरकसंहितेत ३६०. लोक एकदम 'चुकलं' म्हणतात. सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार केलेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे ज्याला आज आपण कूर्चा म्हणतो. ते मोजणीत धरले की आकडा वाढणारच. आणि हा माणूस ग्रंथ वाचून सांगत नव्हता. प्रेत गवतानं गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा, अशी पद्धत त्यानं ग्रंथाच्या शारीरस्थान या भागात दिली आहे.

सदाशिव_खवचट
@काढा_चूर्ण, हे मात्र आवडलं. माझ्याकडून हे क्वचित ऐकायला मिळतं.

फर्स्ट_इयर
आमच्या बोन सेटचाही इतिहास आहे. एकेकाळी जगभरच्या मेडिकल कॉलेजांना खरे सांगाडे भारतातून जायचे, कोलकाता हे मोठं केंद्र होतं. १९८५ मध्ये सरकारनं निर्यात बंद केली.

पूर्वभागातली
मॅडम, डॉक्टर, मला जरा वेगळं विचारायचंय. माझ्या आम्मानं उभं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. सकाळी बसली की हजार भरेपर्यंत उठायची नाही. आता वय साठच्या पुढे. पाठीला पोक आलंय आणि उंची कमी झाल्यासारखी वाटते, साडी खाली लोळते. मध्यंतरी पाठीत अचानक चमक निघाली, महिनाभर उठवत नव्हतं. शेजारचे म्हणतात वयामुळे होतं.

प्लॅस्टरवाला
ताई, हे 'वयामुळे' म्हणून सोडू नका.

दोन गोष्टी वेगळ्या करू. वाकून बसल्यानं मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब वाढतो, उभं राहण्यापेक्षाही जास्त. त्या चकत्या २३ असतात, दिवसभरात त्यांतलं पाणी दाबानं थोडं बाहेर जातं आणि रात्री आडवं झाल्यावर परत येतं. म्हणून धडधाकट माणूसही सकाळी साधारण एक सेंटिमीटरनं उंच असतो. वर्षानुवर्षं वाकून काम केलं की स्नायू आणि चकत्या झिजतात, पाठ दुखते. हे एक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. रचणाऱ्या मागे पडतात. हाड आतून विरळ होतं, ऑस्टिओपोरोसिस. त्याचं दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळतं ते मणका साध्या वाकण्यानं पुढच्या बाजूनं दबतो तेव्हा. तुम्ही सांगताय ती अचानक चमक, पोक आणि कमी झालेली उंची या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मणका दबला असण्याची शक्यता तपासायलाच हवी. पाठीचा एक्स-रे आणि डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी. त्यात टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला तर निदान पक्कं. यावर औषधं आहेत आणि ती खरोखर पुढची मोडतोड टाळतात. इथे नाव-डोस लिहिणार नाही, आम्मांना समोर बघूनच ठरवावं लागतं.

मंगळवेढेकर
ताई, आम्मांना ज्वारीची भाकरी द्या. आमच्या मालदांडीत दम आहे. आणि पानाला थोडा जास्त चुना. चुन्यात कॅल्शियमच असतं की. जुनी माणसं चुना खाऊन शंभरी गाठायची.

चाटीगल्ली
दादा, मालदांडीबद्दल भांडण नाही, माझीही भाकरी तीच. पण कॅल्शियम ज्वारीत फार नसतं, शंभर ग्रॅममध्ये पंचवीस-तीस मिलिग्रॅम. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या घरात. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतो ते वर्षभर थापायला कुणी अडवलंय? दूध शंभर मिलिलिटरमध्ये साधारण १२०, आणि त्यातलं अंगी लागतं चांगलं. तिळातलं तेवढं लागत नाही. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० हवं, असं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये सांगितलंय.

चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं. पण तो तीव्र अल्क आहे, तोंडाची आतली त्वचा पोळते. वर सुपारी आणि तंबाखू आली की विषयच संपला. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक ठरलेली आहे.

प्लॅस्टरवाला
+१. शंभरी गाठणारे लक्षात राहतात, तोंड उघडता येईना म्हणून माझ्या शेजारच्या दंतवैद्याकडे येणारे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

हुरडाप्रेमी
पण सोलापुरात ऊन एवढं आग ओकतंय, मग 'ड' जीवनसत्त्व कमी कसं निघतंय लोकांचं? माझंच कमी आलं ओ रिपोर्टमध्ये!

चाटीगल्ली
ऊन असून उपयोग नाही, अंगावर पडायला हवं. आपण स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून स्कूटरवर. बाकीचे कारखान्यात, दुकानात, घरात. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, 'ड' जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. आणि 'सकाळचं कोवळं ऊन' हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण सूर्य खाली असताना नेमके तेच किरण फार कमी पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. मे महिन्यात तर सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा थोडी मिनिटं पुरे, उगाच उष्माघात ओढवून घेऊ नका. रिपोर्ट कमी असेल तर उन्हाच्या भरवशावर न बसता डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.

या जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. आणि रक्तातलं कॅल्शियम कमी होऊ देणं शरीराला परवडत नाही, त्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं आकुंचन चालतं. मग गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडा-दातांतच आहे, काढणार तिथूनच. 'कार्ये लिहा' मध्ये हे लिहा की मुलांनो! आणि रक्त बनवणंही लिहा. दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या लाल मगजात तयार होतात. मोठेपणी हा मगज मुख्यतः कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीच्या हाडात उरतो. म्हणून मगजाची तपासणी करायची तर सुई कमरेच्या हाडात घालतात.

मंगळवेढेकर
बरं, चुना मागे घेतला. पण हाडवैद्याचं काय? माझ्या भावाचा हात लहानपणी मोडला होता, कामट्या बांधून सहा आठवड्यांत सरळ. एक पैसा लागला नाही.

प्लॅस्टरवाला
लहानपणी, हा शब्द महत्त्वाचा. मुलांचं हाड लवचीक असतं, ओल्या फांदीसारखं एका बाजूनंच चिरतं, आणि झपाट्यानं जुळतं. हाड जुळवतं ते शरीरच, मीही नाही आणि हाडवैद्यही नाही. मोडल्या जागी रक्ताची गुठळी, मग दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ गोळा, मग त्याचं कच्चं हाड, आणि पुढे महिनोन्‌महिने त्याला आकार. आम्ही फक्त टोकं नीट समोरासमोर ठेवतो.

भीती आहे ती करकचून बांधण्याची. सूज आतून वाढते, पट्टी सैल होत नाही, रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. पुढे बोटं आखडलेली राहतात, कायमची. अशी पोरं मी बघितली आहेत. पट्टी कुणीही बांधलेली असो, प्लॅस्टर माझं असलं तरी, बोटं पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना असह्य दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला उठवा, पण सोडवा. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, ती दुखावली आणि तशीच राहिली तर हात वाकडा किंवा आखूड वाढू शकतो, हे दुसरं. एक्स-रे काढायला एवढं कारण बास आहे.

सदाशिव_खवचट
बोटं मोडण्याबद्दल कुणी बोललं नाही. आवाज हाडांचा?

फर्स्ट_इयर
नाही ओ. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते त्याचा. डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हातांत संधिवात नाही असं दाखवलं. त्यांना २००९ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. कुणाच्या नावानं मोडत असाल तर त्याचा अभ्यास झालेला नाही.

पूर्वभागातली
डॉक्टर, सिव्हिलला नेलं आम्माला. एक मणका दबलाय असं एक्स-रेत दिसलं, डेक्सा लिहून दिलीय. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्यात. तिला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही आहेत. दोन्ही सकाळी एकदमच देते, विसरायला नको म्हणून. चालतंय का?

प्लॅस्टरवाला
बरं केलंत नेलंत ते. दोन्ही एकदम देऊ नका, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेली गोळी असेल तर जेवणाबरोबर द्या, लोहाची दोन-तीन तासांच्या अंतरानं. लोहाच्या आगेमागे चहा नको. आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या, ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर प्रकरण या मणक्यापेक्षा फार मोठं होतं. विड्या वळायला बसायचा हट्ट करतील, तर सूप मांडीवर न घेता समोर पाटावर उंच ठेवायला सांगा, म्हणजे कंबर कमी वाकेल.

पूर्वभागातली
हट्ट करतेच आहे. पाट आजच काढते.